पैशावर चेहरा कुणाचा?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भरदुपारी आमच्या ओसरीत भांडण जुंपलं. कशावरून? शंभराच्या एका नोटेवरून. तीही खरी नव्हे, चित्रातली!

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर, सिंदखेडराजाच्या अलीकडे. माझा भाचा खामगावचा, म्हणजे घाटाखालचा. यंदा पाचवीत आहे. शाळेनं सुटीत एक मजेदार गृहपाठ दिला होता: आपल्या मनानं एक नोट तयार करा. त्यानं कार्डशीटवर झकास नोट काढली. कोपऱ्यांत आकडे, कडेनं नक्षी, मधे लंबगोल चौकट, आणि त्या चौकटीत आजच्या काळातल्या एका पुढाऱ्याचा चेहरा. शेजारची सहावीतली मुलगी वाकून बघत होती. ती म्हणाली, "हे कशाला? आमच्या घरी त्यांना कुणीच मत देत नाही!" आणि तिनं आपल्या कागदावर दुसऱ्याच पुढाऱ्याचा चेहरा काढायला घेतला.

मग काय विचारता! तुझे मोठे की माझे मोठे, तुझी नोट कोण घेणार, माझी नोट कोण घेणार. खोडरबर उडाला, पेन्सिलीचं टोक मोडलं.

"काहून भांडू राहिले रे सणाच्या दिवशी?" आजी आतून म्हणाली. "या इकडं. चिंच भिजवली हाये. पूजेचे पैसे घासा."

आजीच्या देवघरात एक पितळी डबी आहे. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला ती उघडते. तिच्यात तीन नाणी. एक काळंकुट्ट तांब्याचं, जाड, वेडंवाकडं गोल. एक चांदीचा मोठा रुपया. आणि एक भोकाचा पैसा, मधोमध आरपार भोक असलेला. भांडण ज्या गोष्टीवरून चाललं होतं, तिची अर्धी उत्तरं त्या डबीतच होती. म्हणून मीही मांडी घालून बसलो.

भाच्यानं काळं नाणं घेतलं, चिंचेचा कोळ लावला आणि अंगठ्यानं चोळायला लागला. मिनिटाभरात काळा रंग सुटू लागला आणि खालून लालसर तांबं चमकलं. हा चमत्कार चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचा. हवेतला ऑक्सिजन तांब्याला चिकटतो आणि वर कॉपर ऑक्साइडचा काळपट थर बसतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, खालच्या तांब्याला मात्र फारसं काही करत नाही. (तुमच्या संग्रहात जुनं नाणं असेल तर ते असं घासू नका हं. घासल्यानं अक्षरं झिजतात. आमच्या आजीची नाणी पूजेची आहेत, म्हणून ती घासते.)

"मामा, अक्षरं आली!" भाचा ओरडला.

भोवती बारीक ठिपक्यांचं कडं आणि आत तीन ओळी. पहिलीत श्री, दुसरीत राजा, तिसरीत शिव. नाणं उलटं केलं. मागे दोन ओळी: छत्र, पति.

शिवराई! शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. साधारण आपल्या दोन रुपयांच्या नाण्याएवढं, पण त्याहून जाड. ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी त्यांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन तर केवढासा, तीन ग्रॅमच्याही आतला. त्या काळी आजूबाजूच्या नाण्यांवर बहुतेक फारसी अक्षरं असायची. महाराजांच्या नाण्यावर मात्र आपली देवनागरी आली. 'नाणी पाडणं' हा शब्द ऐकून हसू नका. साच्यावर धातूची चकती ठेवायची, वरून दुसरा साचा धरायचा आणि हातोड्याचा ठोका घालायचा. ठोका जरा बाजूला पडला की अक्षर अर्धं कापलं जायचं. आमच्या शिवराईवरचा 'शि' असाच कडेला सरकलेला आहे.

आता नीट बघा. या नाण्यावर काय नाही?

शेजारची मुलगी नाणं डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "चेहराच नाहीये."

बरोबर! महाराज तेव्हा हयात होते, गादीवर होते. मनात आणलं असतं तर मुद्रा, मुकुट, चेहरा, काहीही कोरवून घेता आलं असतं. पण त्यावर आहे फक्त नाव आणि पद. मला तर हे नाणं हातात घेतलं की अजून भरून येतं.

आणि सिंदखेडराजाचा संबंध? तो तर फार जवळचा. जिजाऊ आमच्या सिंदखेडच्या, लखुजी जाधवांच्या कन्या. १२ जानेवारी १५९८ हा त्यांचा जन्मदिवस. दर वर्षी त्या दिवशी सिंदखेडराजाला केवढी गर्दी लोटते ते आमच्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. त्यांनी मुलाचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला त्या गेल्या. मुलाच्या नावाचं राज्य आणि मुलाच्या नावाचं नाणं, दोन्ही त्यांच्या हयातीत झालं.

शिवराईची पुढची गोष्ट तर आणखी नवलाची. महाराज १६८० साली गेले. राज्य मोठं झालं, पेशवे आले. पण गावोगावच्या टाकसाळींत तांब्याचा पैसा पाडताना त्यावर नाव कोरलं जायचं ते श्री राजा शिव हेच. शंभराहून जास्त वर्षं! कोरणारे कारागीर वेगवेगळे. कुणी 'शिव' लिहायचा, कुणी 'सिव', कुणी 'सीव'. म्हणून शिवराई नाण्यांच्या संग्रहात इतके प्रकार सापडतात की मोजता मोजता दमायला होतं. पुढे इंग्रज आले, तरी खेडोपाडी शिवराई बाजारात चालतच राहिली. भाजीवालीनं ती घेतली, न्हाव्यानं घेतली. नाव एका राजाचं, पण पैसा सगळ्यांचा.

आता दुसरं नाणं. चांदीचा रुपया. खामगावला 'रजतनगरी' म्हणतात. तिथं चांदीचा व्यापार मोठा, म्हणून भाच्याला चांदीचं भारी कौतुक. त्यानं रुपया तळहातावर तोलला. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. तोळा आणि रुपया हे वजनाचे जुळे भाऊ. सोनार ताजव्यात वजनाच्या जागी सरळ रुपयेच टाकायचे.

या रुपयावर दाढीवाला राजा आहे, डोक्यावर मुकुट घातलेला. पंचम जॉर्ज. लोक त्याला राजाछाप म्हणायचे. त्याच्याही पूर्वीचा तो राणीछाप. राणीछापवर व्हिक्टोरिया राणी. ती हिंदुस्थानात एकदाही आली नाही. पण आमच्या पणजीनं तिला रोज पाहिलं, पदराच्या गाठीत! १८६२ साली रुपयावर जी राणी आली, ती जवळपास तशीच १९०१ पर्यंत राहिली. खरी राणी म्हातारी झाली, ८१ वर्षांची होऊन वारली, पण रुपयावरची राणी काही म्हातारी झाली नाही.

राजाछापची तर एक गंमतच आहे. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या अंगरख्यावर एक छोटासा हत्ती कोरला होता. पण सोंड इतकी तोकडी झाली की लोकांना तो डुक्कर वाटला! बाजारात कुजबुज, मग नाराजी, मग ओरड. सरकारनं टाकसाळीतली नाणी अडवून ठेवली आणि वितळवली. पुढच्या वर्षी, १९१२ ला, हत्तीला चांगली लांब सोंड देऊन नवा रुपया काढला. नखाएवढ्या जागेतली एक सोंड चुकली तर एवढा गोंधळ. कारण नाणं घराघरात जातं, प्रत्येक जण ते उलटंपालटं करून बघतो.

भाच्यानं लगेच भिंग आणलं. आमच्या रुपयावरच्या हत्तीला सोंड आहे. हुश्श!

"पण राजे लोक चेहरा छापायचेच कशाला?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

अगं, फार पूर्वी वर्तमानपत्र नव्हतं, टीव्ही नव्हता. राजा कोण झाला हे घाटावरच्या शेतकऱ्याला कळणार कसं? नाण्यावरून! नवं नाणं बाजारात आलं की बातमी आली. नाणं म्हणजे राजाची जाहिरात, तीही प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसणारी. आणि ती नाकारायची सोय नाही. राजा आवडो न आवडो, मीठ घ्यायचं तर त्याचाच चेहरा दुकानदाराच्या हातावर ठेवायचा.

आजीच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेतही असाच एक चेहरा दडला आहे, हे तिला मी सांगितलं तेव्हा ती चकित झाली. पुतळी हे मुळात युरोपातल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. व्यापाऱ्यांबरोबर ते इकडे आलं. त्यावर माणसांच्या आकृत्या होत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं पुतळी. आकृत्या कुणाच्या? एक त्यांचे संत मार्क, आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा प्रमुख, डोजे. डोजे निवडून यायचा आणि आपल्या काळात पाडलेल्या नाण्यावर स्वतः दिसायचा. पण दिसायचा तो गुडघ्यांवर! उभं राहायचा मान संतांचा. ही कल्पना मला फार आवडते.

रोममध्ये मात्र एकानं गुडघे टेकले नाहीत. ज्युलियस सीझर. इसवी सन पूर्व ४४ मध्ये रोमच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आला. तोवर जिवंत रोमन माणसाचा चेहरा तिथल्या नाण्यावर यायचा नाही, ती रीतच नव्हती. हा आता राजा होणार, या धास्तीनं काही जणांनी त्याच वर्षी १५ मार्चला त्याला मारून टाकलं. मारणाऱ्यांत एक होता ब्रूटस. आणि दोनेक वर्षांनी ब्रूटसनं काय केलं असेल? स्वतःचा चेहरा नाण्यावर छापला!

मुलं गप्प झाली. मग भाचा म्हणाला, "म्हणजे आधी ज्याला नावं ठेवली तेच केलं."

हो ना. त्यापेक्षा आफ्रिकेतल्या घाना देशाची गोष्ट ऐका, ती जवळची आहे. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा तिथले मोठे नेते, स्वातंत्र्यासाठी लढलेले. १९५८ च्या नव्या नाण्यांवर त्यांनी आपलाच चेहरा घातला. ते तेव्हा सत्तेत होते. १९६६ साली सैन्यानं त्यांची सत्ता उलथवली. पुढच्याच वर्षी देशाचा पैसा बदलला आणि त्यावरून त्यांचा चेहरा गेला. एन्क्रुमा १९७२ साली परदेशात वारले. मग? मग कित्येक वर्षांनी घानाच्या नव्या नोटांवर ते पुन्हा आले! या वेळी एकटे नव्हे, स्वातंत्र्यासाठी झटलेल्या सहा जणांमध्ये एक म्हणून. मधे बराच काळ गेला. तेवढ्या काळात लोकांचा राग निवला, लोकांचं प्रेमही निवळलं आणि खाली जे उरलं ते त्यांनी नोटेवर छापलं.

आता आपल्या देशाकडे येऊ. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, पण खिशातला रुपया राजाछापच! नवी नाणी यायला १५ ऑगस्ट १९५० उजाडला. मधल्या काळात मोठा विचार चालला होता, राजाला काढायचं तर त्या जागी कोण? आधी गांधीजींचं चित्र घालायचं असं ठरत होतं, नमुनेही तयार झाले होते. पण शेवटी निवड झाली सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या सिंहांची. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या जागी ते सिंह आले. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, म्हणजे ते जाऊन २१ वर्षं झाल्यावर. त्या नोटेवर ते बसलेले आहेत आणि मागे आश्रम आहे. कुठला ठाऊक आहे? सेवाग्रामचा! वर्ध्याजवळचा, आपल्या विदर्भातला. गांधीजींच्या नोटांची मालिका १९९६ साली सुरू झाली, आणि तिची आजची नवी मालिका २०१६ साली.

आणि पंडित नेहरू? सतरा वर्षं ते पंतप्रधान होते. त्या सतरा वर्षांत त्यांचा चेहरा एकाही नाण्यावर आला नाही. २७ मे १९६४ ला ते गेले, त्यानंतर त्यांच्या चेहऱ्याचा रुपया निघाला. पुढे १९९० साली बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया आला, १९९९ साली ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, २००२ साली तुकोबांचं दोन रुपयांचं, २००७ साली लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. घरातले गल्ले फोडून बघा, एखादं सापडेलही. सापडलं तर सालाच्या खाली बघा. तिथं छोटीशी चौकट असेल, पत्त्यातली असते तशी, तर ते मुंबईच्या टाकसाळीचं. चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं.

इतकं बोलून झाल्यावर मी खिशातून खरी शंभराची नोट काढली. जांभळट रंगाची. "आता हिच्यावरचा चेहरा बघा."

आधी हात लावा. गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोटाचं टोक हळू फिरवा. खरखरीत लागतं ना? तिथली शाई कागदावर किंचित उंच उभी असते. धातूच्या पत्र्यात खोल रेघा कोरतात, त्यांत शाई भरतात आणि प्रचंड दाबानं कागद त्यावर दाबतात. कागद त्या रेघांत घुसतो आणि शाई उचलून घेतो. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात.

आता उजेडासमोर धरा. उजव्या बाजूला मोकळ्या जागेत आणखी एक चेहरा उगवतो. हे जलचिन्ह. तिथं शाईचा थेंबही नाही! कागदाचा लगदा ओला असतानाच तो कुठे पातळ, कुठे जाड बसवतात. पातळ जागेतून उजेड जास्त येतो, जाड जागेतून कमी. त्या उजेड-अंधारातून चेहरा तयार होतो.

आणि हा कागद कशाचा? भाच्यानं सांगितलं, "लाकडाचा." नाही रे! वहीचा कागद लाकडाचा. नोटेचा कागद कापसाचा, पूर्णपणे कापसाचा! ओसरीच्या कोपऱ्यात वेचलेल्या कापसाचं गाठोडं पडलं होतं, त्याकडे दोघांनी असं पाहिलं की जणू ते पहिल्यांदाच दिसलं. कापसाचे तंतू लांब आणि चिवट. एकमेकांत गुंततात आणि सोडत नाहीत. म्हणून शर्टाच्या खिशातली नोट धुण्यात गेली तरी बहुतेक वेळा जिवंत बाहेर येते, आणि त्याच खिशातल्या एस.टी.च्या तिकिटाचा लगदा होतो.

चेहऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. आपला मेंदू चेहरे ओळखण्यात पटाईत असतो. झाडाच्या चित्रात दोन पानं कमी-जास्त झाली तर आपल्याला कळणारही नाही. पण ओळखीच्या चेहऱ्यात भुवई जराशी वर गेली की लगेच खटकतं, काहीतरी चुकलंय. म्हणून नकली नोट करणाऱ्याला चेहरा फार छळतो. म्हणजे नोटेवर चेहरा असण्यात शहाणपण आहे. प्रश्न एवढाच की कुणाचा.

शेजारची मुलगी हुशार. ती म्हणाली, "पण मोठं काम केलेला माणूस आत्ता जिवंत असेल तर? त्याला कशाला थांबवायचं? मेल्यावर त्याला काय कळणार?"

प्रश्न खरा आहे. मी तिला उलट विचारलं, "निवडणूक आली की एस.टी. स्टँडवरच्या सरकारी जाहिरातींच्या फलकांचं काय होतं?"

"कागद चिकटवतात! पुढाऱ्यांच्या फोटोवर. आचारसंहिता लागते ना!"

"का चिकटवतात?"

"कारण... सरकारच्या पैशानं त्यांची जाहिरात होऊ नये म्हणून. दुसऱ्या उमेदवारांवर अन्याय होतो."

"मग तुझ्या नोटेवर आत्ताचा पुढारी असला, तर आचारसंहितेत काय करायचं?"

ती थबकली. भाच्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं असावं. तो म्हणाला, "प्रत्येक नोटेवर कागद चिकटवायचा? करोडो नोटांवर?"

हेच तर! चौकातला फ्लेक्स चार दिवसांनी उतरतो. नोट वर्षानुवर्षं फिरते, नाणं तर त्याहून जास्त. शिवराईचं बघा ना. जो माणूस अजून मतं मागतो आहे, त्याचा चेहरा पैशावर आला की पैसाच एका बाजूला जाऊन उभा राहतो. आणि पैसा तर दोन्ही बाजूंच्या माणसांना सारखाच लागतो. त्या पुढाऱ्याला मत न देणारी बाई आठवडी बाजारात वांगी विकते, तिनं दिवसभर त्याच्याच चेहऱ्याच्या नोटा मोजायच्या का? माझं मत विचाराल तर पुढाऱ्यांनी थांबावं. मतं मागून संपू देत, कामाचं बरं-वाईट लोकांसमोर येऊ देत, मग बघू.

चेहऱ्यावर कागद चिकटवणं हे गमतीनं म्हटलं, पण नेपाळमध्ये खरंच जवळजवळ तसं झालं. तिथल्या नोटांवर राजाचा चेहरा असायचा. २००७ साली राजाचं राज्य जाऊ लागलं, नव्या नोटांवर एव्हरेस्ट शिखर आलं. पण कागद आधीच तयार होऊन पडलेला, आणि त्यात जलचिन्ह होतं राजाचंच! कागद फेकून देणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी काय केलं? राजाच्या जलचिन्हावर लालीगुराँसचं फूल छापलं. ते नेपाळचं राष्ट्रीय फूल. उजेडासमोर नोट धरली की फुलाच्या मागे राजा!

अमेरिकेत हा धडा दीडशे वर्षांपूर्वी मिळाला. तिथं स्पेन्सर क्लार्क नावाचे एक अधिकारी नोटा छापायच्या खात्याचे प्रमुख होते. पाच सेंटच्या छोट्या नोटेवर त्यांचाच चेहरा छापून आला! संसद इतकी चिडली की १८६६ साली कायदाच झाला: जिवंत माणसाचा चेहरा नोटेवर घालायचा नाही. २०२५ साली मात्र तिथल्या एका खासदारानं विधेयक मांडलं, २५० डॉलरची नवी नोट काढा आणि तिच्यावर सध्याचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा चेहरा घाला. म्हणजे आमच्या ओसरीतलं भांडण काही फक्त ओसरीतलं नाही.

जिवंतपणी मान मिळालेली माणसंही आहेत, ती लपवून कशाला ठेवू? दक्षिण आफ्रिकेनं २०१२ साली सगळ्या नोटांवर नेल्सन मंडेलांचा चेहरा आणला. मंडेला तेव्हा ९४ वर्षांचे होते, राष्ट्राध्यक्षपद सोडून तेरा वर्षं झाली होती. आपल्याकडे महर्षी धोंडो केशव कर्वे! स्त्रीशिक्षणासाठी उभं आयुष्य दिलेले आपले अण्णासाहेब. ते १९५८ साली शंभर वर्षांचे झाले, तेव्हा टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. जिवंत भारतीय माणसाचा चेहरा टपाल तिकिटावर आला तो पहिल्यांदा. इंग्लंडच्या नाण्यांवर तर आजही राजा असतोच, आणि राजा बदलला की चेहऱ्याची दिशा बदलते. एलिझाबेथ राणी उजवीकडे बघायची, चार्ल्स राजा डावीकडे बघतो. पण नीट पाहा, मंडेला, अण्णासाहेब, चार्ल्स, यांतलं कुणी कुणाकडे मत मागायला जाणार होतं का?

"मग आपल्याकडे ठरवतं कोण?" भाच्यानं विचारलं. नोटेचं चित्र कसं असावं हे रिझर्व्ह बँकेचं मंडळ सुचवतं आणि केंद्र सरकार मंजूर करतं. १९३४ च्या कायद्यातच तसं लिहिलं आहे. नाणी आणि एक रुपयाची नोट तर थेट सरकारचीच. लोक मात्र सतत सुचवत असतात. २०२२ च्या ऑक्टोबरात केवढी चर्चा रंगली होती! कुणी म्हणे लक्ष्मी-गणपती घाला, कुणी म्हणे शिवाजी महाराज, कुणी म्हणे बाबासाहेब. सुचवायचा हक्क सगळ्यांनाच आहे, पाचवीतल्या मुलालाही.

एव्हाना दिवे लावायची वेळ झाली होती. आजीनं पाट मांडला. नाणी पाटावर ठेवण्याआधी मुलांनी एक खेळ केला, तो तुम्हीही करून बघा. नाण्यावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची. आधी शिवराई. करड्या रंगातून श्री आलं, मग राजा, मग कडेला सरकलेलं शिव. मग चांदीचा रुपया. राजाचा मुकुट आला, दाढी आली, हत्तीची सोंडसुद्धा आली. शेवटी भोकाचा पैसा. महायुद्धात तांबं कमी पडू लागलं, म्हणून १९४३ साली इंग्रज सरकारनं पैशाला मधोमध भोक पाडलं. भोकामुळे राजाच्या चेहऱ्याला जागाच उरली नाही, वर नुसता मुकुट. कागदावर कडेची अक्षरं उमटली आणि मधे एक पांढरा गोल तसाच राहिला.

शेजारच्या मुलीनं तो गोल कात्रीनं कापून घेतला. आपल्या नोटेवरचा पुढाऱ्याचा चेहरा तिनं खोडला नाही. त्याच्यावर तो कोरा गोल चिकटवला, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं: जागा राखीव.

भाचा पोटावर पडून नोटेची मागची बाजू रंगवत होता. लोणारचं सरोवर. उल्का आदळून पडलेला तो मोठा गोल खड्डा त्याला छान जमला होता, काठची झाडंही जमली होती. मग त्यानं डोकं वर केलं.

"मामा, २०२० मध्ये लोणारचं पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं ना? मग आता हिरवं रंगवू की गुलाबी?"